दुधी भोपळ्याला नापास करणारे भालेराव

भालेरावांच्या बागेतला दुधी भोपळा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या गळ्यात लाल कार्ड लटकत होतं. कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘नापास. कारण : मान वाकडी. मूळ कारण : मांडव उशिरा बांधला. जबाबदार : य. भालेराव.’ खाली सही आणि तारीख. शेजारच्या वांग्याला पिवळं कार्ड होतं, म्हणजे पुन्हा तपासणी. आणि कोपऱ्यात आघाड्याचं रान माजलं होतं, जे कुठल्याही शहाण्या माणसाने उपटून फेकलं असतं, त्याला मात्र हिरवं : ‘उत्तम. हात लावू नये.’

मी इंदिरानगरात राहते. पाटबंधारे खात्यात लेखनिक आहे. लोकांनी मारलेले शेरे वाचण्यात माझी हयात गेली, पण भाजीवर शेरा मारणारा माणूस त्या दिवसापर्यंत माझ्या पाहण्यात नव्हता.

यशवंत भालेराव आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. ओझरच्या विमान कारखान्यात ते तीस वर्षं गुणवत्ता तपासनीस होते. विमानाच्या पंखातला एकेक रिव्हेट बॅटरीच्या उजेडात बघायचा आणि मनाला पटला नाही तर लाल कार्ड लावायचं, हे त्यांचं काम. ‘ओके करता येणार नाही’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की लग्नाच्या पंगतीत कुणी जिलेबीचा आग्रह केला तरी तोंडातून तेच बाहेर पडायचं. मग एका वर्षी रजा काढून ते कुठल्याशा शेतावर पंधरा दिवसांच्या शिबिराला गेले आणि दाढी वाढवून परत आले. महिन्याभरात स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. त्यांच्या पत्नी कमलवहिनी मला जिन्यात म्हणाल्या, “अहो, लोक या वयात गुडघे बदलतात, यांनी नोकरी बदलली.”

नवी नोकरी कोणती, हे समजून घ्यायला आम्हाला वेळ लागला. त्यांनी कार्ड छापलं होतं : ‘यशवंत भालेराव, निसर्ग-मार्गदर्शक व पर्माकल्चर शिक्षक.’ आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी खैरनार यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “हे शेतीत येतं की योगात?” भालेरावांनी शांतपणे समजावलं. जमिनीला तिच्या कलाने वागू द्यायचं, जंगलात असतात तशी एकमेकांना धरून राहणारी झाडं लावायची, खत-फवारे विकत आणायचे नाहीत, काही जाळायचं नाही. आणि माणसांना, विशेषतः पोरांना, या सगळ्याकडे बघायला शिकवायचं. खैरनारांनी मान डोलावली आणि इमारतीच्या मागची पडीक पट्टी त्यांना देऊन टाकली, कारण तिथे तसंही कुणी जात नव्हतं.

कमलवहिनींनी एकच अट घातली होती. तीन दिवाळ्या थांबायचं. तेवढ्यात या शिकवण्यातून पक्कं काम लागलं तर उत्तम, नाहीतर अंबडचा एक कारखाना त्यांना तपासनीस म्हणून कधीपासून बोलावत होता, तिकडे मुकाट्याने रुजू व्हायचं. भालेरावांनी अट मान्य केली. लेखी दिली म्हणे, सहीसकट.

मग सुरू झालं ते आच्छादन. जमीन उघडी ठेवायची नाही, तिच्यावर पाल्यापाचोळ्याचं पांघरूण घालायचं, हा त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम. रोज सकाळी ते जॉगिंग ट्रॅकवर जायचे आणि लोक वजन कमी करून परतायचे तेव्हा हे पोतं भरून परतायचे. रसवंतीवाल्याकडून उसाची चिपाडं, नारळवाल्याकडून शेंड्या, मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराने केळीची पानं. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या संगीताताई तर हैराण झाल्या. “ताई, म्या पाला गोळा करायचा आन सायबांनी परत आनून टाकायचा, असं कसं व्हायचं?” त्या मला म्हणाल्या. “लय येडं मानूस हे. पन कधी वाकडं बोलत नाय.”

त्यांचं दुसरं शास्त्र म्हणजे बसायची जागा. निसर्गाशी ओळख करून घ्यायची तर रोज एकाच जागी वीस मिनिटं गप्प बसायचं आणि नुसतं बघायचं. त्यांची जागा पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली होती. कुंडीच्या कडेवर टेकून, हातात वही घेऊन बसलेला हा दाढीवाला माणूस पाहून दूधवाल्याने चार दिवस लागोपाठ विचारलं, “काका, किल्ली हरवली का?” पाचव्या दिवशी त्याने परस्पर किल्लीवाल्याला आणलं.

मलाही त्यांनी बसवलं. आमच्या गच्चीत. वीस मिनिटं झाल्यावर वर येऊन विचारलं, “काय पाहिलंत, ताई?”

“समोरच्या बाईंनी चादर झटकली,” मी म्हटलं.

“चालेल. धूळ कुणीकडे गेली?”

“माझ्या डोळ्यात.”

“म्हणजे वारा पश्चिमेचा,” असं म्हणून त्यांनी वहीत लिहून घेतलं. मी केलेल्या कुठल्याही कामाची एवढ्या गांभीर्याने नोंद खात्यात आजवर झालेली नाही.

पक्ष्यांच्या ओरडण्यावरून कोण येतंय ते सांगायचं, हाही एक अभ्यास. एकदा बागेत उभे असताना बुलबुल कलकलाट करायला लागला. भालेरावांनी हात वर करून मला गप्प केलं आणि घड्याळ पाहिलं. “मांजर. भिंतीच्या कडेने. चाळीस सेकंद.” आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. बरोबर चाळिसाव्या सेकंदाला भिंतीच्या कडेने, मोबाइलवर बोलत, खैरनार आले. भालेराव अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, “वेळ बरोबर आली. प्राणी तपासावा लागेल.”

करिअर म्हणाल तर ते काही धड उभं राहत नव्हतं. पहिल्या कार्यशाळेला तीन माणसं होती : कमलवहिनी, हॉलचा वॉचमन, आणि एक गृहस्थ जे दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला चुकून आदल्या दिवशी आले होते. एका कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांना ‘मनःशांती’साठी त्यांच्याबरोबर गंगापूर धरणाकडे पाठवलं. भालेरावांनी सगळ्यांना झाडाखाली बसवलं. अधिकारी पाच मिनिटांत घोरायला लागले. खरं म्हणजे याहून जास्त मनःशांती कोण देणार? पण भालेरावांनी प्रत्येकाच्या शर्टाला पिवळं कार्ड अडकवलं, ‘पुन्हा बसणे आवश्यक.’ कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. त्यांची अडचण अशी होती की खोटं कौतुक त्यांच्या तोंडातून निघत नसे. गोड बोलल्याशिवाय शिकवणी चालत नाही आणि न तपासता गोड बोलणं त्यांना जमत नाही.

अशा दोन दिवाळ्या गेल्या. बाग मात्र वाढत होती. मी ती फक्त वरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. आणि खरं सांगते, मला ती घाण वाटायची. माझ्या घरात चमच्यांच्या कप्प्यात काट्यांना जायची परवानगी नाही. अशा बाईच्या खिडकीखाली वीतभर पाचोळा, कुजकी लाकडं, किड्यामाश्यांना राहायला भोकं पाडलेल्या बांबूंची मोळी आणि सगळीकडे लटकणारी कार्डं. मी तोंडाने काही बोलले नाही. तिसरी दिवाळी तोंडावर आली आणि मग ते घडलं.

पाथर्डी फाट्याच्या बाजूच्या एका शाळेला निसर्गशिक्षक हवा होता. पूर्ण वेळ, कायमचा, शाळेच्या मैदानावर बाग करून मुलांना शिकवायला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आधी तुमची बाग बघू, वीस मुलं घेऊन शनिवारी अकरा वाजता येतो, तिथेच एक तास घ्या. भालेराव मला सांगायला आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. “ताई, हे झालं तर अंबड टळलं. नाही झालं तर दिवाळीनंतर मी पुन्हा बॅटरी घेऊन उभा.” शनिवारी पहाटेच त्यांना इगतपुरीकडे जायचं होतं. तिथल्या एका शेतकरी मावशींकडून मुलांच्या हातून लावायला गावरान वालाचं बी आणायचं होतं. जाताना म्हणाले, “पाहुणे येणार आहेत, जरा बागेकडे लक्ष असू द्या.”

पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? साहेब येणार असले की आमच्या ऑफिसात जे होतं तेच मी केलं. सकाळी सहाला खैरनारांची बेल वाजवली. म्हटलं, या माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे आणि बाग अशी दिसतेय. खैरनारांना पटलं. त्यांनी मजल्यामजल्यावर जाऊन माणसं उठवली. आम्ही आठ जण जमलो. संगीताताईंनी खराटे आणले, त्यांची दोन खुरपी होती, बाकीची खैरनारांनी कुणाकुणाकडून मागून आणली.

काय काम केलं म्हणून सांगू. पाचोळा सगळा उचलला. घंटागाडी आली ती आमच्या मालाने भरून गेली, परत जाऊन रिकामी होऊन आली, पुन्हा भरून गेली. आघाडा, टाकळा, केना, जे जे रानटी दिसलं ते मुळासकट उपटलं. बांबूची मोळी आणि कुजकी लाकडं बंबासाठी नेली. कार्डं गोळा करून पिशवीत भरली. खताच्या ढिगावर निळी ताडपत्री घालून वर शेवंतीच्या कुंड्या मांडल्या. खैरनारांनी विटा आणून वाफ्यांच्या कडेने तिरप्या पुरल्या, आणि एक गेरूची, एक चुन्याची अशा रंगवल्या. मी फाटकाशी रांगोळी काढली. दहा वाजता आम्ही सगळे कमरेवर हात ठेवून उभे राहिलो. ताट न घेता जेवायला बसावं अशी जमीन झाली होती. मला वाटलं, देवा, या माणसाचं आता नक्की होणार. इतका आनंद मला माझ्या बढतीचा झाला नव्हता.

साडेदहाला भालेराव आले. खांद्याला पिशवी, बुटांना इगतपुरीचा चिखल. फाटकाशी थांबले. मग चष्मा लावला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले, विमानाखालून चालत असतील तसे. वही हातात होती, पण तिच्यात काही लिहिलं नाही. मध्यावर वाकून त्यांनी जमिनीला तळहात लावला, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा.

“तापलीय,” ते म्हणाले.

तीन वर्षं पोत्यापोत्याने पांघरलेलं पांघरूण आम्ही चार तासांत घंटागाडीत घातलं होतं, हे मला तेव्हा कळलं. उशिरा कळलं, पण लख्ख कळलं.

ते फाटकाकडे परत आले. “रांगोळी कुणी काढली?”

“मी,” मी म्हटलं.

“छान आहे. मोर ना?”

“हंस.”

“हो, हंस,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात शाळेची बस आली.

मुलं उतरली. भालेरावांनी त्यांना वाफ्यांच्या कडेने बसवलं आणि पाच मिनिटं नुसतं बघायला सांगितलं. मग विचारलं, काय दिसलं? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एक दोन वेण्यांची मुलगी धीर करून म्हणाली, “काका, इथे काहीच नाहीये.”

“शाब्बास. अगदी बरोबर निरीक्षण,” भालेराव म्हणाले. “आता का नाहीये ते शोधू.”

मुलांनी शोधलं. मुंग्यांची एक रांग बिचारी इकडून तिकडे धावत होती, तिचं घर आम्ही बंबात घातलं होतं. वीसच्या वीस पोरं त्या मुंग्यांमागे ओणवी होऊन निघाली, त्या कुठे थांबतात, कुणाला काय सांगतात ते बघत. भालेराव त्यांच्यात गुडघ्यांवर. मी त्यांना शिकवताना प्रथमच पाहत होते. माणूस शिकवत नव्हता, पोरांइतकाच हरवला होता. तास कधी संपला कळलं नाही.

मुख्याध्यापिकाबाई मात्र मुंग्यांकडे बघत नव्हत्या. त्या विटांचे फोटो काढत होत्या. “भालेराव सर, किती स्वच्छ, किती रेखीव! आमच्या विश्वस्तांना अगदी अशीच बाग हवी आहे. आमच्याकडे अशी कराल ना?”

बस, एक ‘हो’ म्हणायचं होतं. मी खराटा पाठीमागे धरून मनात म्हणत होते, म्हणा हो. एकदा म्हणा. नंतर हळूहळू पाचोळा आणा, कोण बघायला येतंय?

भालेराव म्हणाले, “नाही मॅडम. अशी मला जमणार नाही. ही मी केलेली नाही.”

“मग कुणी केली?”

आम्ही आठ जण मागे ओळीने उभे होतो. आता हा माणूस बोट दाखवणार आणि सगळं खरं सांगणार, मूळ कारणासकट, जबाबदार व्यक्तीच्या नावासकट, याची मला खात्री होती. माझी तीच लायकी होती.

ते म्हणाले, “ही बाग नाही मॅडम, हा माझा सत्कार आहे. माझ्या शेजाऱ्यांनी पहाटे उठून केलाय. बाग बघायला तुम्हाला पुढच्या वर्षी यावं लागेल.”

बाई हसल्या. कळवतो म्हणाल्या.

आठवड्याने शाळेतून फोन आला. तो खैरनारांना आला. विटा कुणी रंगवल्या, त्या माणसाचा नंबर मिळेल का, असं विचारायला. खैरनार इतके खूश झाले की तीन मजले सांगत सुटले. माझ्या दारात आले आणि माझं तोंड बघून परत फिरले. दिवाळी झाली. भालेरावांनी दाढी काढली. सोमवारपासून अंबडला रुजू व्हायचं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी जॉगिंग ट्रॅकवर गेले आणि दोन पोती पाला भरला. आमच्या ऑफिसातले साहेब तिथे चालायला येतात. त्यांनी मला पोत्यात हात घातलेली पाहिली आणि घाईघाईने दुसरीकडे बघितलं. पोती ओढत मी बागेत आले. भालेराव तिथेच होते. त्यांनी पोत्यात डोकावून मूठभर पाला बाहेर काढला, चुरगळला, वास घेतला. “गुलमोहर जास्त आहे. पण चालेल.”

“भालेराव, माझं चुकलं,” मी म्हटलं. “तुमचं काम माझ्यामुळे गेलं.” पुढे बरंच बोलायचं ठरवलं होतं, पण मला रडू आलं.

ते जरा वेळ पाला पसरत राहिले. मग म्हणाले, “ताई, पाला काय, पुन्हा येईल. पण एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी खुरपी कुठून आणलीत?”

“संगीताताईंची होती. बाकीची खैरनारांनी मागून आणली. का?”

“माझ्याकडे होती ना,” ते म्हणाले. ज्या माणसाने तीन वर्षांची माती डोळ्यांदेखत उघडी पडलेली पाहून आवाज चढवला नव्हता, त्याचा आवाज आता कापला.

त्यांनी बागेच्या कडेला असलेल्या पंपाच्या खोलीचं कुलूप काढलं. आत भिंतीवर एक मोठी फळी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगाने बारा खुरप्यांच्या आकृत्या काढलेल्या, आणि प्रत्येक आकृतीवर तंतोतंत बसेल असं एकेक खुरपं खिळ्याला अडकवलेलं. पाती कोरी, तेल लावलेली. प्रत्येकाखाली आमच्या इमारतीतल्या एकेका घराचा नंबर. खैरनारांच्या खुरप्याची मूठ लांब होती, कारण त्यांना वाकता येत नाही. १०२ माझं. त्याची मूठ जाड होती, सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून मऊ केलेली. माझी उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. हे मी त्यांना कधी सांगितलं होतं मला आठवेना. कधीतरी लिफ्टमध्ये बोलले असेन.

“पहिल्याच महिन्यात लोहाराकडून करून घेतली,” भालेराव म्हणाले. “वाटलं, एकेक जण येईलच. कारखान्यात आमचं असंच असतं. एखादा पाना विमानात राहून गेला तर घात होतो, म्हणून प्रत्येक हत्याराची जागा भिंतीवर आखलेली. सुट्टी होताना फळीकडे बघायचं. एकही जागा रिकामी नसली की जिवाला बरं वाटायचं, शांतपणे घरी जायचो. इथेही रोज संध्याकाळी कुलूप लावताना बघायचो. बाराच्या बारा जागेवर.”

मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना. तीन वर्षं मी वर खिडकीत उभी होते आणि खाली माझं खुरपं टांगलेलं होतं.

मी १०२ नंबरचं खुरपं काढलं. बोटं त्या मुठीवर बरोबर बसली. बाहेर येऊन मी पहिल्या वाफ्याशी बसले आणि विचारलं, “कुठून सुरुवात करू?” मागे वळून पाहिलं, तर भालेराव अजून पंपाच्या खोलीत, फळीवरच्या त्या एका रिकाम्या आकृतीसमोर उभे होते.